होड्यांचा पट

हिंगणी, १४ जानेवारी

नील्या,

आज संक्रांत, पण आपल्या चुलीवर तीळ चढले नाई. फोन लावता येत नाई म्हणून पत्र लिहून राह्यली. पोलिसाईनं माहा फोन नेला, तुह्या पोरीचा, रक्षाचाही नेला, अन् दुसऱ्याच्या फोनवरून लावला तरी त्याईले रोहण्याचा रस्ता दिसन. हे पत्र वांग्याच्या कॅरेटात तळाच्या कागदाखाली ठेवते. आर्वीच्या बाजाराले जाणारा टेम्पो रोहण्यात थांबते, वच्छलामावशी कॅरेट उतरवून घेईन. उत्तर रिकाम्या कॅरेटात धाडजो.

पह्यले भूपेंद्रचं सांगते, नाईतर तू बाकीचं वाचणार नाईस. तो दवाखान्यात हाये. डोक्याले टाके पडले. बोलते, चहा घेते. मरत नाई. पण म्हणून तू सुटला असं समजू नको.

त्या दिवशी काय झालं ते मी ठाण्यात सांगतलं, तसंच तुलेही सांगते. तुले सारं आठवत असन असं मले वाटत नाई. मी तुहे डोळे पाह्यले तेव्हा. दारू पिलेल्याचे बरे असतात.

नियम मी केला, हे खरं हाये. चारचौघांत कबूल करते. नेव्हीतले बापूजी जिवंत असते तर त्याईनं केला असता. तलावावर होड्या त्याईनंच आणल्या, भाजीवाल्याईच्या अन् दुकानदाराईच्या पोट्ट्याईले शीड ओढायले त्याईनंच शिकवलं, अन् दिवाळीत बसल्या जागी गेले. मंग राज्याच्या शर्यतीचं बोलावणं आलं. वर्ध्यातून एकच जण पाठवा, निवड न्यायानं करा. न्यायानं म्हणजे कशी, हे काही लिहून आलं नाई. आपल्याले शर्यत म्हटली का एकच ठाऊक, शंकरपट. बैलाची जोडी सुटली का घड्याळ सुरू, पल्याड पोचली का बंद, ज्याचे सेकंद कमी त्याचा नंबर. पट मोजणाऱ्या बंडूजीजवळ घड्याळ होतंच. मी म्हटलं, होड्याही तशाच सोडू, एकेक, चिठ्ठ्या काढून. भूपेंद्र हो म्हणाला, बंडूजी हो म्हणाले, अन् तू तं टाळ्या वाजवल्या. बैल आपल्या जिवानं पळते, होडी वाऱ्यानं पळते, हे आपल्यापैकी एकालेही सुचलं नाई.

रक्षाची चिठ्ठी सकाळची निघाली. पाणी कसं होतं तुले ठाऊक हाये, ताटात वाढलेल्या वरणावानी. पोरगी शीड हलवू हलवू रडकुंडीले आली. भूपेंद्रच्या हर्षितची चिठ्ठी दुपारची. टेकड्याईकडून वारा उतरला अन् पोट्टा नुसता बसून पल्याड गेला.

तू म्हटलं, पुन्हा घ्या. बरोबर होतं तुह्यं. तेवढ्यावर थांबला असता तर अख्खं गाव तुह्या बाजूनं झालं असतं. भूपेंद्र म्हणाला, "नियम तुह्या बहिणीचा, सेकंद बंडूजीचे, आता काऊन रडून राह्यला? जा, भाजी विक." वाईट बोलला. देवळीच्या दुकानात गल्ल्यावर बसून बसून त्याची जीभ तशी झाली हाये. पण तू होडीच्या सुकाणूची फळी उपसली अन् त्याच्या डोक्यात घातली. एकदाच घातली असती तर राग म्हणता आला असता. तो खाली पडल्यावरही घातली. त्याच्या कानातून रक्त आलं तरी घातली. मोटरबोटवाल्या हरिदासनं तुले मागून कवळ घातली नसती तर आज तुह्यावर खुनाचं कलम लागलं असतं. रक्षा तथीच उभी होती. तिच्या पांढऱ्या सदऱ्यावर शिंतोडे उडाले. तो सदरा मी चुलीत घातला.

हिची माय नलू गेल्यापासून ही पोरगी माह्या हाताखाली वाढली. तिच्यासाठी हे केलं असं कोणाले सांगू नको. मलेही सांगू नको.

तुही ताई,
उज्वला


हिंगणी, २३ जानेवारी

नील्या,

तुह्यं उत्तर भेटलं. कागद उलटून पाह्यला, मागच्या बाजूले काही असन म्हणून. काहीच नाई. "रक्षाची निवड झाली का? शर्यत पुन्हा घेऊन राह्यले का?" एवढंच. माणूस जगला का मेला हे विचारायले तुही शाई संपली होती काय रे?

मंग आता खरं ऐक. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. भूपेंद्र चहा घेत नव्हता, नळीनं श्वास घेत होता. कवटी फुटली होती. आतलं रक्त काढायले डॉक्टराईनं हाड कापलं. तू मावशीच्या विहिरीत उडी घेशीन या भेवानं मी चहाचं लिहिलं. तुही दोन वाक्यं वाचली अन् समजलं, तू काही उडी घेणाऱ्यातला नाई. काल त्यानं डोळे उघडले. उजवा हात अन् उजवा पाय हलत नाई. तोंड वाकडं झालं हाये. अन् त्या वाकड्या तोंडानं त्यानं पह्यलं काय विचारलं तर हर्षितचे सेकंद किती भरले. तुम्ही दोघं एकाच आईचे असायले पाहिजे होते.

दुसरीही एक गोष्ट मी लपवली. मागचं पत्र लिहिलं तेव्हा माहा डावा हात गळ्यात बांधलेला होता. भूपेंद्रचे दोघं भाऊ देवळीवरून जीप भरून माणसं घेऊन आलते. दिवसाढवळ्या आले. ठिबकच्या नळ्या कुऱ्हाडीनं तोडल्या, टमाट्याचे मांडव पाडले, अन् विहिरीवरची मोटर उचलून विहिरीतच लोटली. आपला काळ्या कुत्रा भुंकला तर त्याले काठीनं मारून बांधावर फेकला. मी विळा घेऊन धावली. धाकट्याच्या दंडावर ओढला, पार हाडाले लागला. तो ओरडला तेव्हा मले बरं वाटलं. तुह्यापासून कायले लपवू, लय बरं वाटलं. मंग थोरल्यानं काठी हाणली अन् माह्यं मनगट मोडलं. रक्षा मचाणाखाली होती. तिनं डोळे मिटले नाई, सारं पाह्यलं. मी तिले नंतर विचारलं, घाबरली का बाई? ती म्हणाली, "आत्या, तू अजून जोरानं ओढायले पाहिजे होतं." चवदा वर्साची पोरगी हाये ती, नील्या. मी उठून शेण काढायले गेली.

त्याईनं माह्या विळ्याची तक्रार दिली नाई, मीही मनगटाची दिली नाई. ठाण्यात फक्त तुह्यंच नाव हाये.

परवा रीता आली. भूपेंद्रची बायको. यष्टीनं, एकटी. मी विळा हातात धरूनच दार उघडलं. ती म्हणाली, "ठेव ते खाली. मारायचंच असतं तर मी एकटी आली असती काय?" मी बाज टाकली. तिनं पाणी घेतलं, चहा घेतला नाई. म्हणाली, "देख उज्वला, माह्या पोट्ट्याले शाळेत हवेवरचा पह्यला म्हणून चिडवतात. त्याचा बाप याच शर्यतीपायी खाटेवर पडला. हर्षितनं जावं असं मले वाटते, पण असं नाई. शर्यत पुन्हा घ्या. अन् नियम असा करा का हरणाऱ्याच्या तोंडून शब्द निघाले नाई पाहिजे."

मी म्हटलं, तुह्ये दीर ऐकतीन काय? ती म्हणाली, "दिराईले मी पाहून घेईन." जाताना ती पडलेल्या मांडवाजवळ थांबली होती.

म्हणजे तुले पाहिजे होतं ते होऊन राह्यलं. शर्यत पुन्हा होईन. तू मांगतली तेव्हाही झाली असती, दोन दिवसांनी का होईना. फळी कायले उचलली रे?

उज्वला


हिंगणी, ३ फेब्रुवारी

नील्या,

नवा नियम झाला. कसा झाला ते ऐक, कारण तुह्ये देवळीचे शत्रू अन् तुही बहीण एका सतरंजीवर बसले होते.

समाजमंदिरात बसलो. मी, रीता, बंडूजी, हरिदास, अन् पोट्ट्याईचे आईबाप. बंडूजी घड्याळ छातीशी धरून बसले होते. म्हणाले, "मी साऱ्या वऱ्हाडात पट मोजले, माह्या सेकंदावर आजवर कोणी बोट ठेवलं नाई." मी म्हटलं, बंडूजी, तुमचे सेकंद खरेच हायेत, आमचं डोकं खोटं होतं. तरी त्याईचा चेहरा उतरला. म्हातारे माणूस, त्याईले वाटलं आपल्यालेच काढून राह्यले.

पह्यली गोष्ट ठरली, साऱ्या होड्या एकदमच सुटायच्या. वारा पडला तर साऱ्याईचाच पडन. मंग देवळीचा एक जण म्हणाला, एकाच शर्यतीवर निवड केली अन् एखाद्याच्या सुकाणूत शेवाळ अटकलं तर? तेही बरोबर. म्हणून पाच शर्यती, अन् ज्याची जी सगळ्यात वाईट जाईन ती सोडून द्यायची. होड्याही सारख्या नाईत, हिरवी जड हाये, म्हणून दर शर्यतीले होडी बदलायची. वारा हाये का नाई हे कोण ठरवणार, यावर लय भांडण झालं. शेवटी रीतानं सुचवलं, बांबूले सुताचा धागा बांधा, धागा लोंबला तर शर्यत नाई, मंग कोणाचा पोट्टा का असेना. अन् बाजाराच्या दिवशी शर्यत ठेवायची नाई, भाजीवाल्याईची लेकरं दुकानावर बसतात. हे मी बोलायच्या आधी देवळीवाल्याईनंच म्हटलं.

तेवढ्यात भूपेंद्रचा धाकटा भाऊ आत आला, दंडाले माह्या विळ्याची पट्टी. दारू पिऊन आलता. "माह्या भावाचं रक्त सुकलं नाई अन् तुम्ही अथी पोरखेळ करून राह्यले," म्हणाला, अन् बंडूजीच्या कानाखाली वाजवली. म्हातारा सतरंजीवर कोसळला. धाकट्यानं घड्याळ हिसकून फरशीवर आपटलं, वरून टाच दिली. मी उठली, एका हातानं पाण्याचा जग उचलला. पण माह्याआधी रीता उठली. पायातली चप्पल काढून तिनं दिराच्या तोंडावर हाणली, मोजायची सोय नव्हती इतकी हाणली. त्याचं नाक फुटलं. तो म्हणे, "वहिनी, मी तुह्याचसाठी..." ती म्हणे, "माह्यासाठी काही करू नको. तुह्यासारख्याईनं माह्यासाठी केलं म्हणून मी अथी बसली हाये." त्याले बाहेर काढून कडी लावली अन् खाली बसून म्हणाली, लिहा पुढं.

शेवटचा नियम तिनंच सांगतला. जो मुद्दाम दुसऱ्याच्या होडीवर होडी घालीन, नाईतर पाण्यात का काठावर हात उचलीन, तो साऱ्या निवडीतून बाद. मंग तो पुढं असो का मागं, कोणाचाही असो. पंच म्हणून मोटरबोटीत मीच बसायचं. एकानं म्हटलं, ही तं पोरीची आत्या हाये. रीता म्हणाली, "मले चालते."

अन् ह्या साऱ्यावर, मावशीनं टेम्पोवाल्याकडून ऐकून तुले सांगतलं असन, तुही चिठ्ठी आली, "पंच तूच हायेस तर पोरीकडं जरा पाह्य ना. ती गेली तर मी जन्मठेपही भोगीन." तू कोणती जन्मठेप भोगून राह्यला रे? मावशीच्या हातची भाकर खाऊन माळ्यावर झोपून राह्यला. जन्मठेप तो भूपेंद्र भोगून राह्यला, ज्याले बायको खाटेवरच भांडं देऊन हगायले बसवते. मी पोरीकडं पाहीन. जसं हर्षितकडं पाहीन तसंच. अशी चिठ्ठी पुन्हा धाडली तर मी ती रीताले वाचून दाखवीन.

रक्षा रोज तलावावर जाते. घरी येऊन जेवते. बापूजीनं शिकवलेल्या गाठी मनगटावर बांधत बसते. ती जिंकू शकते, नील्या, खरंच जिंकू शकते, तुह्या फळीशिवाय अन् माह्या पंचगिरीशिवाय. मले तेवढंच पाहिजे होतं. ह्या घरातलं कोणी एक सरळ मार्गानं पुढं गेलेलं पाहायचं होतं.

उज्वला


हिंगणी, १० फेब्रुवारी

नील्या,

काल निवड झाली. बसून वाच.

धागा सकाळपासून उडत होता. भूपेंद्रले खुर्चीवर बसवून काठावर आणलं होतं, गळ्याले मफलर, तोंडातून लाळ. त्याले कोण पुढं कोण मागं हे दिसत होतं का नाई माहीत नाई. रक्षानं पह्यल्या दोन शर्यती मारल्या. हर्षितनं तिसरी. चवथी पुन्हा रक्षानं. शेवटच्या शर्यतीत ती शेवटून आली असती तरी वाईट म्हणून तीच शर्यत सुटली असती, निवड तिचीच होती. काठावर आपले लोक वाजवायले डफडं घेऊन उभे होते. देवळीवालेही उभे होते, पण कोणी शिवी दिली नाई. मले वाटलं, झालं, सुटलो.

पल्याड वळसा घ्यायचा निळा ड्रम टेकाडाआड हाये, तिथलं काठावरून दिसत नाई. हरिदास अन् मी मोटरबोटीत मागं होतो. रक्षाची अन् हर्षितची होडी साऱ्याईच्या लय पुढं, ड्रमाले वळून राह्यल्या होत्या, बाकीच्या अजून टेकाडाअलीकडं होत्या. हर्षित काहीतरी बोलला. मले फक्त "फरार" एवढं ऐकू आलं. पोरकट बोलला असन, बापासारखा. रक्षानं आपलं सुकाणू ओढलं अन् होडी सरळ त्याच्या होडीच्या कुशीत घातली. मंग होडीच्या बुडाशी ठेवलेला वल्हवायचा चप्पू उचलला अन् त्याच्या तोंडावर मारला. पोट्टा पाण्यात पडला. वर आला, तिच्याच होडीची कड धरली. तर तिनं त्याच्या बोटाईवर मारला. दोन्ही हातानं, वरून, खाली पडलेल्याले. मी ओरडली, पण ती ऐकून नव्हती राह्यली. मी तिचा चेहरा पाह्यला अन् माहा जीव गेला. तो तिचा नव्हता, तुहा होता. अन् विळा ओढला तेव्हाचा माहाही असन.

हरिदासनं पोट्ट्याले वर ओढलं. समोरचे दोन दात गेले, ओठ फाटून लोंबत होता, बोटं सुजली. बोटीत रक्ताचं पाणी झालं. हरिदास माह्याकडं न पाहता म्हणाला, "ताई, वारा जोराचा होता. शिडाची आडवी काठी लागली असन." त्यानं आपल्या घरचं मीठ खाल्लं हाये. मंग हर्षितच बोलला, तोंडावर गमछा धरून. "काकू, काठीच लागली. तुम्ही तसंच सांगा. नाईतर काका लोक पुन्हा तुमच्या वावरात येतीन."

काठ यायले वेळ होता. मी बोटीत बसून सारा विचार केला. मारणारी गप्प, मार खाणारा गप्प, पाहणारा गप्प. मी तोंड मिटलं असतं तर पोरगी राज्याले गेली असती अन् तिनं निवड तशी खरीच मारली होती. तुही चिठ्ठीही आठवली. मोह झाला नाई असं म्हणणार नाई. लय झाला.

काठावर उतरली अन् सांगतलं. मुद्दाम होडी घातली, हात उचलला, रक्षा बाद. हर्षित जाईन.

डफडं वाजवणारे आपलेच लोक माह्या अंगावर आले. एकानं माह्या मोडक्या हाताले हिसका दिला. भूपेंद्रचे भाऊ पोरीकडं धावले, तर रीता मधात उभी राह्यली. तिच्या मांडीवर पोट्ट्याचं रक्त होतं अन् ती आपल्या दिराईले म्हणत होती, "पंचानं निकाल दिला. ज्याले कबूल नाई त्यानं पह्यले माह्यावर हात टाका." कोणी टाकला नाई. भूपेंद्र खुर्चीतून काहीतरी म्हणत होता, कोणाले समजलं नाई.

घरी आल्यावर मी रक्षाले समोर बसवलं. म्हटलं, काऊन? तू जिंकलीच होती ना? ती रडली नाई. म्हणाली, "आत्या, बाबानं मारलं तर तू त्याईले लपवलं. मले काऊन नाई लपवलं?"

तिले वाटते नियम फक्त तिच्यासाठीच होता, अन् जोवर तू माळ्यावर झोपून हायेस तोवर तिचंच खरं हाये.

म्हणून आज सकाळी मी ठाण्यात गेली अन् रोहण्याचं घर सांगतलं. साहेबाईकडून एवढंच मांगून घेतलं का आधी मावशीच्या हातून हे पत्र तुले भेटू द्या. तू हे वाचून राह्यला असशीन तेव्हा ते फाटकापाशी असतीन. मागच्या दारानं जाऊ नको, तिथंही दोघं हायेत. मावशीले ढकलू नको, तिचं खुब्याचं हाड आधी एकदा मोडून सांधलेलं हाये. काही उचलू नको.

रक्षा अन् मी रस्त्यावर टेम्पोजवळ उभ्या हावोत. तिले मीच आणलं. तू मारताना तिनं पाह्यलं हाये. आता चपला घाल अन् रिकाम्या हातानं बाहेर ये, तिले तेही पाहू दे.

उज्वला